स्वरांची जागा

बैठकीच्या खोलींत दोन स्पीकर ठेवलेले असतात. एक डावीकडे, एक उजवीकडे. मधल्या जागेंत कांहींच नसतें. फार तर भिंतीवर टांगलेली एखादी दिनदर्शिका. तरीहि गाणें सुरू झालें म्हणजे गवई त्या दिनदर्शिकेच्या पुढ्यांत बसून गात आहे, तबला त्याच्या एका अंगाला आहे, हार्मोनियम दुसऱ्या अंगाला आहे आणि तंबोरे या सर्वांच्या मागें झंकारत आहेत, असें कानांना स्वच्छ जाणवतें. डोळे उघडले कीं पुन्हां दोन पेट्या आणि एक दिनदर्शिका! स्वरांना जागा असते आणि ती जागा यंत्राच्या द्वारें घरांत आणतां येते, हा विसाव्या शतकांतील एक मोठा चमत्कार होय. या भासमय रंगमंचाला इंग्रजी जाणकार ‘साउंडस्टेज’ म्हणतात; मराठींत त्याला नादमंच म्हणावयास हरकत नाहीं. त्या मंचावर एकेक वाद्य ज्या ठिकाणीं उभें असल्याचा भास होतो, ती त्या वाद्याची नादप्रतिमा.

परंतु हा नादमंच खरा कीं खोटा, चांगला कीं वाईट, हें पारखावयाचें कसें? दुकानांत गिऱ्हाइकाला बहुधा रुंदी दाखविली जाते. आवाज भिंतीपलीकडे पसरला, खोली भरून गेली, कीं यंत्र उत्तम, असा समज करून दिला जातो, आणि त्या समजापायीं घरोघर हजारों रुपये खर्च होतात. वास्तविक रुंदी हें गुणाचें माप नव्हे. ध्वनिमुद्रणांत जें वाद्य जेथें ठेवलें आहे, तें तेथेंच आणि तेवढ्याच आकाराचें ऐकूं येतें काय, आणि तें ऐकत असतां दोन्ही स्पीकर जणूं खोलींतून नाहींसे होतात काय, हे दोन खरे निकष होत. ते लावावयाचे तर यंत्राच्या आधीं कान तयार असावा लागतो. आणि कान तयार होतो तो यंत्रापुढें बसून नव्हे, तर मोकळ्या जागेंत वाजणारीं खरीं वाद्यें ऐकून.

या शिक्षणाची नंदुरबार जिल्ह्यांत उणीव नाहीं. १९९८ सालीं धुळें जिल्ह्यांतून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्याच्या उत्तरेस सातपुड्याच्या रांगा आहेत, आणि त्या डोंगरांत अक्कलकुवा तालुक्यामध्यें काठी नांवाचें गांव आहे. तेथील राजवाडी होळी सर्व खानदेशांत प्रसिद्ध आहे. होळीच्या रात्रीं दूरदूरच्या पाड्यांतून आदिवासी मंडळी आपापले ढोल घेऊन तेथें जमतात. कमरेला भोपळे आणि घुंगरू बांधलेले, मोरपिसांचे टोप घातलेले नर्तक रात्रभर फेर धरतात, आणि पहाटे होळी पेटते. तेथें अंधारांत उभा असलेला मनुष्य डोळे मिटून सांगूं शकतो, कीं एक ढोल समोर अगदीं जवळ आहे, घुंगरांची एक रांग उजव्या अंगानें पाठीमागें सरकली, आणि दुसरा एक ढोल अजून टेकडीच्या पलीकडे आहे. वाद्यें पुष्कळ, गलबला मोठा. तरीहि कोणताच नाद ‘सगळीकडून’ येत नाहीं. प्रत्येकाला ठिकाण आहे, प्रत्येकाला अंतर आहे, आणि दोन वाद्यांच्या मध्यें मोकळी हवा आहे. नादमंचाचा अस्सल नमुना तो हाच.

हें कानांना कळतें कसें? उजवीकडून आलेला ध्वनि उजव्या कानाला आधीं गांठतो आणि डाव्या कानाला किंचित् उशिरां. हवेंतून ध्वनि सेकंदाला सुमारें ३४० मीटर जातो. माणसाचें डोकें ओलांडण्यास त्याला सेकंदाच्या हजाराव्या हिश्शाचा जेमतेम दोन-तृतीयांश इतका वेळ लागतो. एवढ्या अल्प फरकावरून मेंदू दिशा ठरवितो. सेकंदाच्या लाखाव्या हिश्शाइतका फरकहि तीक्ष्ण कानाला पुरतो, आणि समोरचें वाद्य एका अंशानें सरकलें तरी तें ओळखूं येतें. हा वेळेचा हिशेब मुख्यतः खालच्या स्वरांना लागू पडतो. वरच्या स्वरांच्या लहरी आंखूड असतात; त्यांच्या वाटेंत डोकें आडवें येतें आणि पलीकडल्या कानावर त्याची जणूं सावली पडते. तेथें वेळेपेक्षां आवाजाच्या लहानमोठेपणाचा फरक कामास येतो. इंग्लंडमधील भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनीं १९०७ सालीं ही दुहेरी उपपत्ति मांडली. या दोन हिशेबांमधील सीमा सेकंदाला सुमारें १,५०० आंदोलनांच्या आसपास येते. म्हणजे काठीच्या होळींत ढोलाचा घुमारा आणि घुंगरांचा छमछमाट हे दोन निराळ्या हिशेबांनीं आपापलें ठिकाण सांगत असतात. ध्वनि पुढून आला कीं मागून, वरून आला कीं खालून, याचा उलगडा करण्यास बाहेरच्या कानाच्या वळ्या आणि मानेची सहज हालचाल मदत करतात.

दिशेप्रमाणें अंतरहि कानांना कळतें. जवळच्या ढोलावर टिपरी पडल्याचा कोरडा, टोंकदार आघात ऐकूं येतो; तोच ढोल दूर गेला म्हणजे हवा वरचे स्वर शोषून घेते आणि केवळ बोथट धम्मकार उरतो. बंदिस्त जागेंत सरळ आलेला ध्वनि आणि भिंतींवर आपटून आलेला ध्वनि यांच्या प्रमाणावरून अंतराचा अंदाज येतो. डोंगरांत तर हें प्रमाण मोजून घेतां येतें. समुद्रसपाटीपासून सुमारें ११५० मीटर उंचीवर असलेल्या तोरणमाळच्या आसपास खोल दऱ्या आहेत. अशा दरीच्या कडेवर उभें राहून हांक मारली आणि समोरचा कडा १७० मीटरांवर असला, तर प्रतिध्वनि एका सेकंदानें परत येतो. तीच हांक दहा फुटांच्या खोलींत मारली तर ती सेकंदाच्या शंभराव्या-दोनशेंव्या हिश्शांत परतते. तो प्रतिध्वनि म्हणून वेगळा ऐकूं येत नाहीं. तो मूळ हांकेंत मिसळून तिचा रंग बदलतो. घरांतील नादमंचाचा खरा शत्रु हाच न ऐकूं येणारा प्रतिध्वनि होय.

कानाची आणखी एक खोड ध्यानांत ठेवली पाहिजे. शहादा तालुक्यांत तापीच्या कांठीं सारंगखेडें येथें दत्तजयंतीला यात्रा भरते. तिच्यांतील घोड्यांचा बाजार प्रसिद्ध आहे. अशा कोणत्याहि मोठ्या यात्रेंत खांबाखांबावर कर्णे बांधलेले असतात आणि हरवलेल्या मुलाची वर्दी सर्व कर्ण्यांतून एकदमच दिली जाते. तरीहि ऐकणाराला ती आपल्या जवळच्या खांबावरूनच येत आहे असें वाटतें. दूरचे कर्णे आवाजांत भर घालतात, पण दिशा ठरविण्याचा मान जो ध्वनि पहिला पोहोंचला त्यालाच मिळतो. जर्मन शास्त्रज्ञ हेल्मुट हास यांनीं १९४९ सालीं या गोष्टीचा पद्धतशीर अभ्यास केला, म्हणून तिला त्यांचें नांव मिळालें आहे. घरांत या नियमाचा परिणाम मोठा गमतीचा होतो. दोन स्पीकरांतून एकच आवाज सारख्या जोरानें आणि सारख्या वेळीं आला तर तो बरोबर मधोमध उभा राहतो. ऐकणारा एका स्पीकरकडे फूटभर सरकला, कीं त्या स्पीकरचा ध्वनि सेकंदाच्या हजाराव्या हिश्शाइतका आधीं येऊं लागतो, आणि मधोमध बसलेला गवई उठून त्या स्पीकरच्या पेटींत जाऊन बसतो! सोफ्याच्या कडेला बसलेल्या पाहुण्यानें यंत्राला नांवें ठेवलीं, तर दोष यंत्राचा नसून जागेचा असतो.

दोन ठिकाणांहून ऐकविण्याची कल्पना जुनी आहे. १८८१ सालीं पॅरिस येथें विजेचें प्रदर्शन भरलें होतें. त्यांत क्लेमां अदेर यांनीं तेथील ऑपेरागृहाच्या रंगमंचावर टेलिफोनचे ग्राहक मांडले आणि प्रदर्शनांतील श्रोत्यांच्या दोन्ही कानांना दोन निराळे श्रवणयंत्र लावले. गाणारे रंगमंचावर इकडून तिकडे जातांना श्रोत्यांना कळूं लागले. परंतु कानाला यंत्र न लावतां, खोलींत मोकळेपणानें बसून, दोन स्पीकरांमधून हा अनुभव कसा घ्यावा, याचें शास्त्र घडविलें तें इंग्लंडमधील अ‍ॅलन ब्लुमलाइन या तरुण अभियंत्यानें. बोलपटांत नट पडद्याच्या एका टोंकाकडून दुसऱ्या टोंकाकडे जातो, परंतु त्याचा आवाज मात्र एकाच जागीं खिळलेला राहतो, हें त्याला खटकलें, असें सांगतात. १९३१ च्या डिसेंबरांत, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षीं, त्यानें आपल्या शोधाच्या पेटंटासाठीं अर्ज केला. दोन स्पीकरांच्या आवाजांत केवळ लहानमोठेपणाचा फरक ठेवला, तरी खालच्या स्वरांच्या बाबतींत श्रोत्याच्या कानांपाशीं त्याचा वेळेचा फरक होतो, हें त्यानें ओळखलें; कारण दोन्ही स्पीकरांचा ध्वनि दोन्ही कानांना ऐकूं येतो. १९३४ सालीं लंडनच्या अ‍ॅबी रोड येथील ध्वनिमुद्रणगृहांत टॉमस बीचम यांच्या वाद्यवृंदाचें त्याच्या पद्धतीनें मुद्रण झालें. त्याच सुमारास, १९३३ च्या एप्रिलमध्यें, अमेरिकेंत बेल प्रयोगशाळेनें फिलाडेल्फियांतील वाद्यवृंद तारांच्या तीन मार्गांनीं वॉशिंग्टनच्या सभागृहांत ऐकविला. ब्लुमलाइन १९४२ सालीं रडारच्या चांचणीच्या वेळीं विमान-अपघातांत मरण पावला. घरोघरच्या स्टीरिओ तबकड्या १९५८ च्या सुमारास बाजारांत आल्या. त्या पाहण्याचें भाग्य त्याला लाभलें नाहीं.

या इतिहासांतून पारख करणारानें एक धडा घ्यावयाचा. जें मुद्रणांतच नाहीं, तें यंत्रानें दाखवूं नये. अब्दुल करीम खां किंवा बालगंधर्व यांच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या एका मार्गाच्या आहेत. त्या दोन स्पीकरांवर लावल्या तर खांसाहेबांचा आवाज मधोमध, अरुंद आणि स्थिर उभा राहिला पाहिजे. तो जर खोलीभर पसरला, तर तें यंत्राचें औदार्य नसून खोटेपणा होय. जुन्या एकमार्गी मुद्रणांना कृत्रिम रीतीनें स्टीरिओ बनविण्याची एक टूम निघाली होती. खालचे स्वर एका बाजूला आणि वरचे दुसऱ्या बाजूला ढकलून हें साधीत. अशा मुद्रणावरून नादमंच पारखणें म्हणजे रंगविलेल्या पितळेवर सोन्याची कसोटी लावणें होय.

स्टीरिओ मुद्रणांतहि दोन जाती आहेत. एका जातींत एका ठिकाणीं ठेवलेल्या मायक्रोफोनांच्या जोडीनें संपूर्ण मैफल जशीच्या तशी टिपलेली असते. तींत दिशा, अंतर आणि सभागृह हीं तिन्हीं येतात. दुसऱ्या जातींत प्रत्येक वाद्य वेगळ्या मायक्रोफोनानें टिपून मागाहून मुद्रकानें एकेकाला डावें, उजवें, मधलें असें आसन दिलेलें असतें. चित्रपटगीतें बहुधा या दुसऱ्या जातीचीं. त्यांतील जागा मुद्रकाच्या मर्जीची असते, म्हणून ती खोटी ठरत नाहीं. पण तींत खोली शोधूं नये. शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया आणि ब्रिजभूषण काबरा यांची ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही साठाच्या दशकाच्या उत्तरार्धांतील स्टीरिओ तबकडी पुष्कळ घरांत आहे. संतूर, बांसरी आणि गिटार हीं तिन्हीं वाद्यें नादांत अगदीं भिन्न असल्यामुळें, प्रत्येकाचें आसन ठाम आहे कीं डळमळतें, हें तींत सहज पाहतां येतें.

आतां खोलीकडे वळावें. कारण नादमंचाचें अर्धें यश खोलींत आणि मांडणींत असतें. शहरांतील नेहमींची बैठकीची खोली दहा फूट रुंद आणि बारा फूट लांब असते. खालीं फरशी, एका अंगाला कांचेचें कपाट, एका अंगाला खिडकी, आणि सोफा मागच्या भिंतीला टेकलेला. एक स्पीकर कपाटावर आणि दुसरा दाराजवळच्या तिवईवर, अशीहि मांडणी आढळते. या स्थितींत अतिशय मूल्यवान् यंत्रहि मंच उभा करूं शकत नाहीं. उपाय मात्र बिनपैशाचा आहे. दोन्ही स्पीकर एकाच उंचीवर, ऐकणाराच्या कानाच्या पातळीला, एकमेकांपासून सुमारें सहा फुटांवर ठेवावेत. ऐकणारानें दोहोंपासून तितक्याच अंतरावर बसावें, म्हणजे तीन बाजू सारख्या असलेला त्रिकोण होईल. अंतर अदमासानें न घेतां दोरीनें मोजावें. स्पीकर मागच्या भिंतीपासून निदान दीड-दोन फूट पुढें ओढावेत. भिंतीला चिकटलेले स्पीकर मंचाची खोली गिळून टाकतात. दोहोंच्या बाजूच्या भिंतींचें अंतर शक्य तों सारखें असावें. ऐकणाराचें डोकें मागच्या भिंतीला टेकूं नये.

यानंतर आरशाचा प्रयोग करावा. एकानें ऐकण्याच्या जागीं बसावें आणि दुसऱ्यानें बाजूच्या भिंतीवर कानाच्या उंचीनें लहान आरसा सरकवीत न्यावा. बसलेल्याला ज्या ठिकाणीं आरशांत स्पीकर दिसेल, त्याच ठिकाणाहून त्या स्पीकरचा ध्वनि भिंतीवर आपटून कानाकडे येतो. तेथें जाड गोधडी टांगावी, किंवा पुस्तकांची मांडणी ठेवावी. गोधडी भिंतीपासून चार बोटें सुटी असली तर अधिक चांगलें. फरशीवर सतरंजी अंथरावी. एवढ्यानें खालच्या स्वरांचा घुमारा कमी होणार नाहीं. परंतु मधल्या आणि वरच्या स्वरांच्या नादप्रतिमा पुसट होत्या त्या रेखीव होतील. टाळी वाजवून पाहावें. पूर्वीं टाळीमागें जी पत्र्यासारखी किणकिण येत होती ती शमली म्हणजे काम झालें.

मांडणी झाल्यावर पारखीला क्रमानें बसावें. पहिली चांचणी एका माणसाच्या एकमार्गी आवाजाची. बातम्या सांगणाराचा आवाज सर्वांत उत्तम, कारण माणसाचा आवाज प्रत्येकाच्या ओळखीचा असतो. तो दोन स्पीकरांच्या बरोबर मध्यें, माणसाच्या डोक्याएवढ्या जागेंतून यावा. तो पसरट, दिशाहीन किंवा डोक्यांत घुसल्यासारखा वाटला, तर आधीं तारा तपासाव्यात. एका स्पीकरच्या तांबड्या-काळ्या तारांची अदलाबदल झाली असली, कीं एक पडदा पुढें येत असतां दुसरा मागें जातो. मधला आवाज विरघळतो आणि ढोलाचा घुमारा पातळ होतो. यंत्र बंद करून तारा नीट लावल्या कीं गवई पुन्हां मधोमध येऊन बसतो. कित्येक घरांत हा दोष वर्षानुवर्षें तसाच असतो, आणि त्यालाच ‘भरगच्च स्टीरिओ’ समजून कौतुक केलें जातें.

दुसरी चांचणी स्थैर्याची. गाणारा मंद्रांतून तारांत गेला, तरी त्याचें आसन हलतां कामा नये. तार सप्तकांत आवाज एका बाजूला झुकत असेल, तर दोन स्पीकर एकसारखे नाहींत किंवा एका बाजूची भिंत जवळ आहे असें समजावें. तिसरी चांचणी विभागणीची. दोन वाद्यें एकाच वेळीं वाजत असतां प्रत्येकाकडे स्वतंत्र लक्ष देतां यावें, आणि त्यांच्यामध्यें शांत जागा जाणवावी. केवळ डावें, मधलें आणि उजवें असे तीन ढीग ऐकूं येत असतील, तर मंच अपुरा आहे. चौथी चांचणी खोलीची. मैफल जशीच्या तशी टिपलेल्या मुद्रणांत तबल्याचा ठोका पुढें आणि सभागृहाचा घुमारा त्याच्या मागें जाऊन विरावा. पांचवी चांचणी अदृश्यतेची. डोळे मिटून बसावें आणि स्पीकर कोठें आहेत हें बोटानें दाखवावें. बोट वाद्यांकडेच वळूं लागलें आणि स्पीकर सांपडेनासे झाले, तर ती जोडी उत्तीर्ण.

उंचीवरून मात्र निर्णय करूं नये. दोन मार्गांच्या मुद्रणांत वर-खालची जागा हेतुपूर्वक ठेवलेली नसते. गवई उंचावर गात आहे असें वाटलें, तर तो बहुधा कानाच्या वळ्यांचा आणि स्पीकरच्या उंचीचा खेळ असतो. तसेंच अतिशय खालच्या नादांची दिशा लहान खोलींत कळत नाहीं. म्हणून केवळ तेवढ्यांसाठीं वेगळी पेटी कोपऱ्यांत ठेवली तरी चालते. ढोलाचें ठिकाण त्याच्या घुमाऱ्यापेक्षां टिपरीच्या आघातावरून कळतें. कानांवर लावण्याच्या हेडफोनांवरून स्पीकरांचा निवाडा करणेंहि योग्य नव्हे. हेडफोनांत प्रत्येक कानाला एकच मार्ग ऐकूं येतो, त्यामुळें मंच समोर न उभारतां बहुधा डोक्याच्या आंतच भरतो.

दोन यंत्रांची तुलना करतांना सर्वांत मोठी फसवणूक आवाजाच्या जोराची होते. एक यंत्र दुसऱ्यापेक्षां किंचित् मोठ्यानें वाजत असलें, तर तेंच अधिक स्पष्ट आणि भव्य वाटतें. तो फरक जोराचा आहे हें ध्यानांतहि येत नाहीं. म्हणून दोहोंचा जोर सारखा करावा, मध्यें पातळ कापडाचा पडदा लावावा, आणि कोणतें यंत्र वाजत आहे हें ऐकणाराला कळूं देऊं नये. याहून सोपा आणि घरगुती उपाय कागद-पेन्सिलीचा. घरांतील दोघातिघांनीं पाळीपाळीनें मधल्या जागेवर बसून तेंच मुद्रण ऐकावें आणि एकमेकांशीं न बोलतां कोणतें वाद्य कोठें आहे याचा नकाशा काढावा. नकाशे जुळले तर मंच खरोखर उभा आहे. प्रत्येकाचा नकाशा निराळा निघाला, तर ज्याचें कौतुक चाललें होतें तो मंच नसून गलबला होता.

या परीक्षेंत कधीं कधीं यंत्राऐवजीं ऐकणाराचाच दोष उघडकीस येतो. गाणें सदैव डावीकडे झुकतें अशी कोणाची तक्रार असेल, तर त्यानें स्पीकरांकडे पाठ करून बसावें. आवाज खोलीच्या पूर्वीच्याच बाजूला राहिला तर दोष खोलीचा किंवा यंत्राचा. तो ऐकणाराच्या डाव्या कानाबरोबरच फिरला, तर उजव्या कानाची तपासणी वैद्याकडून करून घ्यावी. घरांतील वयस्कर मंडळींना हा प्रयोग आवर्जून करावयास लावावा. एका कानाचें ऐकणें हळू हळू कमी होत गेलें तर मनुष्याला तें पुष्कळ दिवस समजत नाहीं. रस्त्यावर मोटार कोणत्या बाजूनें आली हें कळेनासें होतें, तेव्हां कोठें त्याची जाणीव होते. गाण्याच्या निमित्तानें हा दोष आधीं सांपडला, तर त्या यंत्राची किंमत एका दिवसांत भरून निघाली असें म्हणावें.

कानाची हानि आज होते ती बहुतेक मोठ्या आवाजामुळें. लग्नाच्या वरातींत आणि मिरवणुकींत स्पीकरांच्या भिंती रचून जो नाद केला जातो, त्यांत दिशा नाहीं, अंतर नाहीं, आणि दोन वाद्यांमधील मोकळी हवाहि नाहीं. भारत सरकारच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण-नियमांत निवासी भागासाठीं दिवसा ५५ आणि रात्रीं ४५ डेसिबल अशी मर्यादा घातलेली आहे. कामगारांच्या आरोग्याकरितां अमेरिकेंत सुचविलेला एक हिशेब असा, कीं ८५ डेसिबलच्या आवाजांत दिवसाला आठ तासांहून अधिक राहूं नये, आणि पुढें दर ३ डेसिबलांना हा वेळ निम्मा करावा. म्हणजे १०० डेसिबलला तो अवघा पंधरा मिनिटांवर येतो. अंतःकर्णांतील ज्या सूक्ष्म केसाळ पेशी नाद टिपतात, त्या एकदां नष्ट झाल्या कीं मनुष्याच्या कानांत पुन्हां उगवत नाहींत. स्पीकर बिघडला तर नवा आणतां येतो. कानाच्या बाबतींत ती सोय नाहीं.

मुद्रण करणारांच्या हातींहि पुष्कळ कांहीं आहे. काठीच्या होळीला जाणाऱ्या शहरी पाहुण्यांच्या खिशांत आज मुद्रणाचें साधन असतेंच, आणि पुष्कळ मोबाइलांत दोन मायक्रोफोनहि असतात. परंतु उत्साहाच्या भरांत मोबाइल सारखा इकडून तिकडे फिरविला जातो, आणि त्याच्याबरोबर सर्व नादमंचहि गरगर फिरतो. घरीं आल्यावर त्यांतून ढोलांचा केवळ एक गोळा ऐकूं येतो. तेथील मंडळींची अनुमति घेऊन, फेरापासून थोडें दूर, एकाच जागीं, मोबाइल आडवा आणि स्थिर धरून पांच मिनिटें मुद्रण केलें, तर कोणता ढोल कोठून आला, कोण जवळून गेलें आणि कोण दूर राहिलें, हें त्यांत बरेंचसें टिकून राहील. पन्नास वर्षांनीं तें मुद्रण ऐकणाऱ्या एखाद्या मुलाला नुसता ताल नव्हे, तर आपले पूर्वज त्या अंधारांत कोणत्या बाजूनें वाजत आले हेंहि कळेल.

सारांश, नादमंचाची पारख ही श्रीमंतीची कला नव्हे. दोरीनें मोजलेला त्रिकोण, भिंतीवरची एक गोधडी, नीट लावलेल्या तारा, माफक जोर आणि एका ओळखीच्या आवाजाचें मुद्रण एवढें साहित्य असलें, तर सामान्य यंत्रहि आपलें खरें रूप दाखवितें. आणि तें नसलें, तर महागांतलें महाग यंत्रहि नुसता आवाज करतें. नवें यंत्र घेण्याचा विचार ज्या घरांत चालला असेल, त्या घरानें आधीं जुन्या यंत्राचे स्पीकर दोन फूट पुढें ओढून एक रविवार शांतपणें ऐकावें. त्यानंतरहि नव्याची गरज वाटली, तर तें खुशाल घ्यावें. निवड करावयास निदान कान तरी तयार झालेले असतील.